वाटीत उरलेलं लिक्विड

अ‍ॅक्रिलिक नखांचा सेट संपतो, गिऱ्हाईक हाताचे फोटो काढायला लागतं आणि काचेच्या वाटीच्या तळाशी चमचाभर लिक्विड उरतं. फेकायचं जिवावर येतं. मग बाटलीचं झाकण उघडून ते परत आत जातं. ‘एवढं महागाचं, वाया कशाला घालवायचं?’ या एका विचारापायी अ‍ॅक्रिलिकच्या कामातलं सगळ्यात मोठं नुकसान होतं.

हे लिक्विड म्हणजे मुख्यतः इथिल मेथाक्रिलेट. पावडरीत बेंझॉइल पेरॉक्साइड असतं. दोघांची गाठ पडली की लिक्विडचे सुटे रेणू साखळीसारखे एकमेकांत गुंफले जातात आणि नखावर टणक प्लॅस्टिक तयार होतं. काम करताना ब्रश पावडरीतून लिक्विडमध्ये अनेकदा जातो, दर वेळी चार कण वाटीत सोडतो. ते कण विरजणासारखे. वाटीतलं उरलेलं बाटलीत ओतलं की विरजण भांडंभर दुधात पडलं. बाटलीतलं लिक्विड आपणहून जमू नये म्हणून त्यात अगदी अल्प प्रमाणात रोधक द्रव्य घातलेलं असतं, पण ते पुरून पुरून किती पुरणार? लिक्विड पिवळं पडतं, दाटतं, कधी तर चक्क जेलीसारखं होतं. चमचा वाचतो, बाटली जाते.

उपाय ओतण्यापूर्वीचा आहे. वाटी भरून घ्यायची गरजच नसते. ड्रॉपरने किंवा पंपाने थोडं घ्यावं, लागेल तसं वाढवावं. लहान तोंडाची, झाकणाची वाटी असेल तर काम चालू असताना उडून जाणारंही वाचतं. तरीही थेंब उरलेच, तर त्यातच चिमूटभर पावडर टाकून ते जमू द्यावेत. घट्ट झालेला खडा म्हणजे साधं प्लॅस्टिक, सुक्या कचऱ्यात जाणारं. मात्र जमताना ते तापतं, म्हणून हा प्रयोग थेंबांपुरताच, वाटीभर लिक्विडवर नको.

दुसरा समज: ब्रश ओला असला की काम गुळगुळीत होतं. होतं, पण नखाच्या मुळाशी ओघळतंही. साधारण दीड भाग लिक्विडला एक भाग पावडर हे मध्यम ओलाव्याचं प्रमाण धरतात. त्याहून ओला बीड, म्हणजे ब्रशच्या टोकावरचा गोळा, नीट जमत नाही, कच्चा राहतो आणि न जमलेलं लिक्विड त्वचेला लागत राहतं. त्यातून अ‍ॅलर्जी जडली तर ती बहुधा जन्मभर सोबत करते. याच कुळातली द्रव्यं दातांच्या कामात आणि हाडांच्या शस्त्रक्रियेतल्या सिमेंटमध्ये वापरतात, त्यामुळे गोष्ट नखापाशी थांबेलच असं नाही. शिवाय जादा ओलावा शेवटी टिश्यूवरच पुसला जातो, म्हणजे तिथेही नासाडीच.

आता एक खास नाशिकचा गैरसमज. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा सकाळी एक आकडी होतो, नखावर पांढरट बर्फासारखी नक्षी उमटते आणि ‘माल खराब निघाला’ म्हणून बाटली बाजूला पडते. माल बहुतेक वेळा चांगला असतो. खोली, हात आणि लिक्विड गार असतं. बाटली आणि गिऱ्हाइकाचे हात खोलीच्या उबेला आणा, नक्षी जाते. गॅसवर किंवा हीटरसमोर बाटली धरू नका, ते लिक्विड पेट घेतं. मे महिन्यात गोष्ट उलटी. घरोघरी नवरीची नखं करायला जाणाऱ्या मुली किट स्कूटीच्या डिकीत ठेवतात आणि उन्हात तापलेल्या डिकीत लिक्विड स्वतःच जमायला लागतं. घरच्या फ्रिजमध्येही नको, तिथे खाण्याचे पदार्थ असतात आणि वाफांना ठिणगी मिळू शकते. अंधाऱ्या, थंड कपाटाचा खण पुरे.

‘थोडंसंच आहे, बेसिनमध्ये गेलं तर काय बिघडतं?’ खरं सांगायचं तर एका पार्लरच्या चमचाभर लिक्विडने गोदावरी नासत नाही. पण तपोवन, आगरटाकळीची शुद्धीकरण केंद्रं घरगुती सांडपाण्यासाठी बांधलेली आहेत, रसायनांसाठी नाहीत. आणि नदीच्या कितीतरी आधी आपला पाइप येतो. तो सहसा पीव्हीसीचा असतो, आणि सेट काढताना वापरलेलं, त्याच बेसिनमध्ये जाणारं अ‍ॅसिटोन पीव्हीसीला मऊ करतं.

अ‍ॅसिटोनची नासाडी तर डोळ्यांदेखत होते. सेट काढायला दहा बोटं वाडग्यात बुडवायची आणि नंतर वाडगा ओतून द्यायचा. आधी वरचा थर कानसून घेतला, कापसाचा ओला बोळा नखावर ठेवून फॉइल गुंडाळलं, तर तेच काम खूप कमी अ‍ॅसिटोनमध्ये होतं. थर्माकोलच्या वाटीत मात्र अ‍ॅसिटोन घेऊ नका, वाटीच विरघळते.

वासाबद्दलचा समज सगळ्यात चिवट आहे. वास नाही म्हणजे धोका नाही, असं नसतं. ‘ओडरलेस’ लिक्विड कमी उडतं म्हणून कमी वास मारतं. त्वचेला लागलं तर तेही अ‍ॅलर्जी देऊ शकतं. कापडी किंवा साधा सर्जिकल मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. स्वस्तात मिळणाऱ्या बिनलेबलच्या लिक्विडपासून मात्र लांबच राहा. ते मिथिल मेथाक्रिलेट असू शकतं. अमेरिकेच्या एफडीएने १९७० च्या दशकात नखांच्या कामातल्या त्याच्या वापराविरुद्ध कारवाई केली होती. ते इतकं कडक जमतं की अ‍ॅसिटोनला सहज दाद देत नाही; काढताना वेळ, अ‍ॅसिटोन आणि नख तिन्ही जातात.

ओले टिश्यू उघड्या टोपलीत टाकले की दिवसभर खोलीतच वाफ सोडतात. झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवा, संध्याकाळी पिशवी घट्ट बांधा. बिघडलेली अख्खी बाटली मात्र ओल्या-सुक्यात मिसळू नका. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रंगाच्या आणि कीटकनाशकांच्या डब्यांसाठी घातक कचऱ्याचा वेगळा वर्ग केला, ही बाटली त्याच जातीची. वेगळी बांधून, आत काय आहे ते घंटागाडीवरच्या माणसाला सांगून द्यावी.

आणि सकाळी दुकान उघडून देवाला अगरबत्ती लावाल, तेव्हा ती लिक्विडच्या टेबलापासून लांब. अ‍ॅसिटोनची वाफ उणे वीस अंशांच्या आसपासही पेटू शकते.