मनाचीही इशारा पातळी असते

सांगलीत कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. तेव्हापासून पावसाने जोर धरला की नदीकाठची माणसे या आकड्यांकडे डोळे लावून बसतात. मंडळी, नदी आपण फुटाफुटाने मोजतो. स्वतःचे मन मात्र पाणी नाकातोंडात जाईपर्यंत मोजत नाही.

संकट आले की शरीरात ॲड्रेनॅलिन वाढते. छाती धडधडते, श्वास भरभर चालतो, भूक मरते. हा भित्रेपणा नव्हे. धान्याची पोती माळ्यावर चढवायचे, म्हाताऱ्या माणसाला पाठीवर घ्यायचे बळ त्यातूनच येते. अडचण पुढेच सुरू होते. पाणी उतरते, पण चिखल, पंचनामे, कुजलेले धान्य आणि कर्जाचे हप्ते उरतात. शरीर मात्र पूर अजून चढतोच आहे असे समजून सावधच राहते आणि आतून थकत जाते.

मग झोप तुकड्यातुकड्यांनी लागते. मुलांवर विनाकारण ओरडले जाते. साधा निर्णय घेता येत नाही. हात सारखा मोबाईलकडे जातो. ही झाली मनाची इशारा पातळी.

यावरचे उपाय साधे आहेत. श्वास नाकाने सावकाश घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. लांब सोडलेल्या श्वासाने हृदयाची गती मंदावते. पाच मिनिटेही पुरतात. पाण्याची बातमी दिवसातून दोनदा, प्रशासनाकडूनच घ्यावी. जेवणाची आणि झोपेची वेळ जमेल तितकी सांभाळावी. दारूने डोळा लागतो, पण झोप मोडते. सगळे घर एका दिवसात धुऊन निघत नाही. आज एक खोली पुरे. शेजाऱ्याशी बोलावे, पण ज्याला बोलायचे नाही त्याला खोदून विचारू नये.

घरातल्या बाईविषयी वेगळे सांगायला हवे. निवारा केंद्रातही ती सगळ्यांना वाढून मग उरलेले खाते, सगळे झोपल्यावर आडवी होते. तिने वेळेवर दोन घास खाणे, तासभर पडणे हा स्वार्थ नव्हे. ती कोसळली तर ते घर दुसऱ्यांदा बुडते. तेव्हा एक वेळचा स्वयंपाक, एक रात्रीची जाग इतरांनी वाटून घ्यावी.

दोन आठवडे उलटूनही झोप नाही, कशात लक्ष नाही, किंवा जगणे नकोसे वाटते, तर ती धोका पातळी समजावी. तिथे घरचे उपाय पुरत नाहीत, डॉक्टरांना गाठावे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते. अंगणात पाणी आले की आपण बोट बोलावतो, त्यात कुणाला लाज वाटत नाही. मनासाठी मदत मागतानाही ती वाटायचे कारण नाही.