नावापुढचा आकडा

पहाटे ५.३०

फोन उशाशी घेऊन झोपतो तो केडीएमसाठी. सिनेमा हार्ड डिस्कवर परवाच आलाय, सर्व्हरवर चढवूनही झालाय, पण आहे कुलूपबंद. त्याची किल्ली, म्हणजे हाच केडीएम, ईमेलनं येते, एकाच सर्व्हरसाठी आणि ठरलेल्या तारखा-वेळांपुरती. वेळेआधी उघडत नाही आणि मुदत संपली की शो चालू करता येत नाही. रात्री दोनला किल्ली आलेली दिसते. ऑपरेटरचा खाली एक शब्द: 'चालली'. आता चहा घ्यायला हरकत नाही.

आज हिंदी सिनेमाचा दुसरा भाग लागतोय. कुठला ते सांगण्यात अर्थ नाही; नावापुढे आकडा आहे, एवढं बोईसरच्या आमच्या दोन पडद्यांच्या थिएटराला पुरतं.

सकाळी ७.००

मनोरला मस्तान नाक्यावरून इको मिळते. महामार्गानं चिल्हार फाटा, तिथून आत वळून नागझरी, बेटेगाव, बोईसर. गाडीत बहुतेक माणसं तारापूर एमआयडीसीतली. शेजारचा पोरगा मोबाइलवर याच सिनेमाचा पहिला भाग बघतोय. परीक्षेआधी उजळणी करावी तसा, गाणी पुढे ढकलत. संध्याकाळी हा खिडकीवर येणार, लिहून ठेवा.

पहिला भाग थिएटरात चालला म्हणून दुसरा चालतो, अशी पुष्कळांची समजूत असते. आकडे निराळं सांगतात. 'केजीएफ' डिसेंबर २०१८ मध्ये आला तेव्हा हिंदीत त्यानं ४४ कोटींच्या आसपास धंदा केला. वाईट नाही, पण दिवाळीही नव्हे. दुसरा भाग १४ एप्रिल २०२२ ला आला आणि नुसत्या हिंदीत ४३० कोटींच्या वर गेला. जवळजवळ दसपट. मधल्या सव्वातीन वर्षांत ही माणसं कुठून आली? घरातून. टीव्हीवर, मोबाइलवर, ढाब्यावरच्या पडद्यावर पहिला भाग बघून बसलेली माणसं ती. 'बाहुबली'चं तेच: २०१५ साली हिंदीत ११८ कोटी, २०१७ साली ५१० कोटी. 'पुष्पा' शंभराच्या थोडा पुढे, तर डिसेंबर २०२४ मधला 'पुष्पा २' हिंदीत आठशेच्या पार. पहिल्याच्या वेळी जो तिकीट न काढता घरी बसला, दुसऱ्याच्या वेळी रांगेत तोच पुढे असतो.

सकाळी ९.००

झाडलोट, एसी, पॉपकॉर्नचं मशीन. स्टँडी दारात उभी केली की लोक सेल्फी काढतात आणि दारच अडतं, म्हणून ती जिन्याखाली.

तिकीट खिडकीवर नवी मुलगी बसलीय. तिनं सकाळीच विचारलं, "सर, शंभर कोटी म्हणजे थिएटरवाल्यांना मिळतात का?" तिला कागदावर मांडून दाखवलं. शंभराचं तिकीट. त्यातून जीएसटी जातो. शंभरापर्यंतच्या तिकिटाला २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के, आधी १२ होता, शंभराच्या वर १८. उरले पंचाण्णव, हे नेट. त्यातला वितरकाचा वाटा तो शेअर. निर्मात्यांचा मल्टिप्लेक्सांविरुद्ध २००९ साली मोठा संप झाला होता, त्यानंतर जे ठरलं त्यात वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस, पुढे ३०. आमच्यासारखे लहान लोक ज्याच्या त्याच्या ताकदीप्रमाणे घासाघीस करतात, पण उतरती पायरी तीच. म्हणजे सिनेमा जितका जुना, तितकं थिएटराचं पोट भरतं. आणि आकडावाला सिनेमा जुना व्हायच्या आत बसतो. पेपरात पुष्कळदा छापून येतो तो ग्रॉस, म्हणजे कर धरून, सगळ्यात फुगलेला आकडा.

"म्हणजे आपल्याला काय उरतं?" मुलगी म्हणाली.

"पॉपकॉर्न."

सकाळी १०.००

पहिला शो. कॉलेजची पोरं, रात्रपाळी करून झोपायच्या आधी आलेले कामगार, शिट्ट्या. नायकाची एण्ट्री होईपर्यंत दारात उभा राहतो. शिट्ट्यांवरून मला अंदाज येतो. आज पहिली पाच मिनिटं जोरात, मग मध्यंतरापर्यंत खोकले ऐकू यायला लागले. खोकले ही वाईट खूण.

दुपारी १२.१५

वितरकाच्या ऑफिसातून फोन. धंद्याच्या नकाशात आम्ही मुंबई सर्किटमध्ये, गुजरात आणि गोव्याबरोबर. विदर्भ सीपी-बेरारमध्ये आणि मराठवाडा निजाममध्ये. मराठी सिनेमाला अख्खा महाराष्ट्र आपला वाटतो, पण हिशेबाच्या वहीत तो असा तिघांत वाटलेला आहे.

"साहेब, पडदा एक आपल्याकडे आहेच. पण दोनवर सहाचा शो मराठीला कशाला? तोही द्या."

"शेठ, त्याचा दुसरा आठवडा आहे आणि बायका येतायत."

"संध्याकाळपर्यंत कळवा."

हे भांडण जुनंच. दिवाळीत, १ नोव्हेंबर २०२४ ला, 'सिंघम अगेन' आणि 'भूल भुलैया ३' एकाच दिवशी लागले. दोन्ही तिसरे भाग, दोघांनाही जास्त शो हवेत. वाद स्पर्धा आयोगापर्यंत गेला. दोन पडद्यांच्या थिएटरात त्या दिवसांत मराठी सिनेमा कुठे होता हे विचारू नका. मल्टिप्लेक्सांनी दुपारी बारा ते रात्री नऊच्या दरम्यान मराठीला शो द्यावा, असं सरकारनं २०१५ मध्ये सांगितलं होतं. नियम कागदावर आहे, पण शो मिळतो तो माणसं आली तर.

दुपारी ३.००

पहिली पाळी सुटते. मराठी सिनेमाचा शो सव्वातीनला, त्याला बायकांचे गट येतात. पालघर, मासवण, इथली बोईसरची कॉलनी. मुलांना शाळेतून उचलून थेट.

मराठीतही आकडे चालतात, पण त्यांची रीत वेगळी. 'नवरा माझा नवसाचा' २००४ चा, एसटीतून गणपतीपुळ्याला निघालेला. दुसरा भाग वीस वर्षांनी आला, कोकण रेल्वेतून, २० सप्टेंबर २०२४ ला. योगायोगानं त्या दिवशी राष्ट्रीय सिनेमा दिन, तिकीट ९९ रुपये. मधली वीस वर्षं तो एसटीचा प्रवास टीव्हीवर दर सुट्टीत चालूच होता. २००४ साली जन्मलेली पोरं आईबरोबर दुसऱ्या भागाला जाण्याच्या वयाची झाली. 'झपाटलेला' १९९३ चा, दुसरा २०१३ चा, थ्रीडीत. पहिल्याचे नायक लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्येच गेले होते. तरी रामदास पाध्यांचा बाहुला तात्या विंचू परत आला आणि लोक आपल्या मुलांना घाबरवायला घेऊन आले.

'मुंबई-पुणे-मुंबई'चे तीन भाग (२०१०, २०१५, २०१८) मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतात. भेट, लग्न, मूल असं आयुष्य पुढे सरकलं म्हणून आकडा पुढे सरकला. दिग्पाल लांजेकरांच्या 'फर्जंद', 'फत्तेशिकस्त', 'पावनखिंड', 'शेर शिवराज', 'सुभेदार' या मालिकेला आकड्याचीही गरज पडली नाही. तिचा पहिला भाग चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात प्रत्येकानं वाचलेला असतो. शाळांचे गट सकाळच्या शोला आणायचे तर असा सिनेमा हवा. मास्तरांना समजावावं लागत नाही.

आणि दादा कोंडके? १९७१ च्या 'सोंगाड्या'पासून लागोपाठ नऊ रौप्यमहोत्सव, गिनीज बुकात नोंद. एकाही सिनेमापुढे दोन लिहिलेलं नाही, पण प्रेक्षक दर वेळी त्याच माणसाच्या पुढच्या भागाला यायचा.

संध्याकाळी ६.००

खिडकीवर रेटारेटी. महिन्याचा पहिला पंधरवडा असल्यानं पगार हातात आहे; हाच सिनेमा पंचवीस तारखेला लागला असता तर बघायला नको. रांगेत भोजपुरी, ओडिया, वारली, मराठी. सगळ्यांना जोडणारी हिंदी, आणि आकडेवाल्या सिनेमांत पुष्कळदा तीही डब केलेली. 'बाहुबली' हिंदीत बोलला तो शरद केळकरांच्या आवाजात आणि 'पुष्पा' श्रेयस तळपदेंच्या. दक्षिणेच्या या लाटेत मराठी घसा कामाला आला, हे आमच्या स्टाफला फार आवडतं.

इकोतला सकाळचा पोरगा आला. चौघांना घेऊन.

पडदा एक हाऊसफुल. पडदा दोनवर मराठी, निम्म्याहून थोडं जास्त. वितरक म्हणणार, बघा. पण मी शुक्रवारकडे बघत नाही. शुक्रवार पहिल्या भागानं विकलेला असतो, सिनेमा वाईट असला तरी. आजचा प्रेक्षक बाहेर पडून फोनवर काय बोलतो त्यावर सोमवार ठरतो. मी मध्यंतरात मुतारीच्या दाराशी उभा राहून ऐकतो. याहून खरं समीक्षण कुठे छापत नाहीत. एक जण म्हणाला, "पहिला ज्यादा अच्छा था." दुसरा काही बोलला नाही, नुसता हात हलवला.

रात्री ११.४५

शेवटचा शो अजून चालू. डीसीआर, म्हणजे दिवसाच्या गल्ल्याचा तक्ता, भरायला घेतला: शोप्रमाणे तिकिटं, ग्रॉस, कर, नेट. वितरकाला तासातासाला आकडे हवे होते, आता सगळा गोषवारा. चार शोंत तीन हाऊसफुल, दहाचा थोडा रिकामा. तो खूश होणार.

फोन केला. "शेठ, शनिवार-रविवार दोनवरचा सहाचा घ्या तुम्ही."

"आणि पुढे?"

"पुढचं बघू."

"साहेब, सोमवारचा पण आत्ताच—"

नेटवर्क गेलं असं झालं. खरं तर मीच ठेवला. मग संगणकावर सोमवारचं वेळापत्रक उघडलं: पडदा दोन, सहाचा शो, मराठी. ऑनलाइन बुकिंग लगेच चालू करून टाकलं. सकाळपर्यंत दहा-बारा तिकिटं गेली, की विकलेला शो रद्द कसा करणार, असं त्याला सांगता येईल.