मोटारीचा विमा : काटकसर कुठे करावी?



चाकण-तळेगाव पट्ट्यात आता ट्रॅक्टरशेजारी दारात मोटारही दिसते. विम्याची मुदत संपत आली की "स्वस्तात करून देतो" म्हणणारे येतात. तेव्हा एवढे ध्यानी धरावे.

दुसऱ्याच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा. त्याचा दर सरकार ठरविते. तिथे घासाघीस नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दर मात्र २००७ पासून कंपन्या ठरवितात. म्हणून तीन ठिकाणी भाव विचारावा.

वर्षभर भरपाई मागितली नाही, तर या भागावर पुढील वर्षी २० टक्के सूट मिळते. लागोपाठ पाच वर्षांनी ती ५० टक्के होते. ही सूट मालकाची, गाडीची नव्हे; नव्या गाडीलाही लागू होते. म्हणून किरकोळ पोचा स्वखर्चाने काढावा. मुदत संपून ९० दिवस उलटले की सूट बुडाली.

एक सावधगिरी. हप्ता कमी दिसावा म्हणून कोणी गाडीची किंमतच कमी लिहितात. पाच लाखांची गाडी चार लाखांची लिहिली अन् चोरीला गेली, तर हिशेब चारच लाखांचा! ऊस घालताना आपण काट्यावरचा आकडा पाहतो ना? तसाच पॉलिसीवरचा हा आकडा पाहून मगच पैसे भरावेत.