एका आकड्यात दोनशे वर्षं

तानसाच्या माणसाला दगडी बांधकामाचं अप्रूप नसतं. १८९२ साली पुरं झालेलं आमचं धरण दगड-चुन्यातच उभं आहे आणि ते बघतच आम्ही लहानाचे मोठे झालो. तरी आटगावला लोकल धरावी, कल्याणला गाडी बदलावी आणि अंबरनाथला वालधुनीच्या काठी शिवमंदिरासमोर उभं राहावं, की माझी दरवेळी बोलती बंद होते. इथे चुनाच नाही. दगडावर दगड, आणि त्यांना धरून ठेवणारं त्यांचं स्वतःचं वजन.

पांडवांनी हे एका रात्रीत बांधलं, अशी आख्यायिका सगळ्यांना पाठ आहे. जाणती माणसं हेमाडपंती म्हणून मोकळी होतात. पण ज्याच्या नावावरून हा शब्द आला तो हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला, देवगिरीच्या यादवांचा मंत्री. आणि मंदिराने आपली जन्मतारीख स्वतःच सांगून ठेवली आहे. उत्तरेकडच्या दारावरच्या तुळईवर, आतल्या बाजूने, एक लेख कोरलाय. त्यात मामवाणी, म्हणजे मुम्मुणी या शिलाहार राजाचं नाव आहे आणि शक आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो ७८२ वाचला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तोच पुन्हा तपासला आणि पहिला आकडा सात नसून नऊ असल्याचं दाखवलं. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०. झिजलेल्या दगडावरचा एक आकडा नीट वाचला आणि मंदिर दोनशे वर्षांनी अलीकडे आलं! या दोघांच्या चिकाटीपुढे मी मनोमन हात जोडतो.

लेखातल्या त्या सालानंतर सहाच वर्षांनी, १०६६ मध्ये, नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला. तिथल्या कितीतरी गावांची दगडी चर्च पुढच्या पिढ्यांत उभी राहिली. त्या गवंड्यांची भिस्त कमानीवर. कमान वजन पेलते, पण भिंतीला बाहेर रेटते, म्हणून भिंती जाड ठेवायच्या नाहीतर बाहेरून टेकू द्यायचे. आमच्या कारागिरांनी कमान टाळली. सभामंडपात मधल्या चार खांबांखाली उभे राहा आणि मान वर करा. दगडांचं एक कडं, त्यावर थोडं आत सरकलेलं दुसरं, त्याहून आत तिसरं, असं करत करत घुमट मिटत जातो. भार सरळ खाली खांबांत उतरतो. आणि एवढं जोखमीचं काम करताना त्यांनी प्रत्येक कड्यावर नक्षीही केली.

बाहेरची भिंत तर सलग अशी नाहीच. ती सतत कोपरे घेत वळते, त्यामुळे ऊन सरकेल तशा सावल्या सरकतात आणि कोनाड्यांतल्या मूर्ती एकेक करून उजेडात येतात. शिखर भूमिज पद्धतीचं: तळापासून वर चढणाऱ्या उभ्या पट्ट्या आणि त्यांच्या मधे छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी. जणू एका शिखराच्या अंगावर अनेक शिखरं उगवली आहेत.

गाभारा मात्र खाली आहे. वीसेक पायऱ्या उतराव्या लागतात. मंडपातला अंधार अंगावर घेत खाली जावं आणि तिथे डोक्यावर थेट आभाळ दिसावं! शिखराचा माथा आज नाही, त्यामुळे उजेड वरून सरळ पिंडीवर पडतो. हा अनुभव मला दुसऱ्या कुठल्या मंदिरात आलेला नाही.

महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते. दर्शनाला तेव्हा अवश्य जा, पण मंदिर पाहायला एखादी साधी दुपार काढा. दार पश्चिमेला आहे, उन्हं कलली की किरणं आत शिरतात. आणि बाहेर पडण्याआधी उत्तरेच्या दाराशी थांबून मान वर करायला विसरू नका.