रांगेतले तास कोणाच्या खात्यात?

चाकणच्या कारखान्यांतून निघालेल्या नव्या कोऱ्या गाड्या डीलरच्या दारापर्यंत पोचवणं हा आमच्या घरचा धंदा. वडिलांनी सुरू केला, आता मी बघतो. रस्त्यावर तुम्ही जे लांबलचक बंद ट्रेलर पाहता आणि ज्यांना सगळे सरसकट ‘कंटेनर’ म्हणतात, त्यातले काही आमचे. ही नोंद सप्टेंबर २०२५च्या शेवटच्या आठवड्यातल्या एका दिवसाची आहे. दसरा २ ऑक्टोबरला, आणि गिऱ्हाइकाला गाडी दसऱ्यालाच हवी.

पहाटे ५

उठल्यावर पहिलं काम म्हणजे फोनवर ट्रेलर कुठे आहेत ते पाहणं. नागपूरचा समृद्धी महामार्गाला लागलाय. कोल्हापूरचा डीलरच्या यार्डाबाहेर पोचलाय. हैदराबादचा मात्र कालपासून मोहोळपाशी एकाच जागी आहे. सीना नदीला पूर आलाय आणि पुढे सोलापूरकडची वाहतूक पोलिसांनी थांबवली आहे.

नानांना फोन लावतो. ते वडिलांच्या वेळेपासूनचे ड्रायव्हर.

“नाना, ट्रेलर उंचावर आहे ना?”

“पंपावर लावलाय, दादा. इथवर पाणी यायचं नाही. माल सुखरूप आहे.”

“जेवणाचं काय?”

“काल रात्री पंपवाल्यांनी खिचडी दिली. आमचं सोडा, इथं लोकांची उभी पिकं गेली, जनावरं गेली.”

यावर बोलण्यासारखं काही नसतं. मी खर्चाचे पैसे पाठवतो आणि रस्ता सुरू झाला तरी घाई करू नका, एवढं सांगतो.

सकाळी ६.३०

चहाबरोबर पेपर. आमच्या धंद्यात बातमी वाचावीच लागते, कारण तिचा हिशोब त्याच आठवड्यात पुढ्यात येतो. १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी जीएसटी कमी करण्याचं सूतोवाच केलं आणि गाड्यांची खरेदी थंडावली. ३ सप्टेंबरला परिषदेने दर ठरवले. छोट्या गाड्यांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८वर आला, मोठ्यांवर सेस जाऊन सरसकट ४० टक्के. अंमल २२ सप्टेंबरपासून. मध्ये पितृपक्ष. तेव्हा तसंही कोणी नवं वाहन घरी आणत नाही. पितृपक्ष संपला २१ला, घट बसले २२ला आणि नवे दरही त्याच दिवशी लागू झाले.

परिणाम असा की महिनाभर ट्रेलर नुसते उभे होते, हप्ते मात्र चालू. आता आठ-दहा दिवसांत सगळ्या देशाला गाड्या हव्यात आणि ट्रेलर कुठेच शिल्लक नाहीत. ट्रक आणि टायरवरचा करही २८चा १८ झाला, ही आमच्यासाठी चांगली बातमी. पण नवा ट्रेलर घ्यायचा तर वर्षभराच्या कामाची खात्री लागते. दहा दिवसांच्या गर्दीवर बँकेचा हप्ता फिटत नाही.

सकाळी ८

चाकणचा तळेगाव चौक. इथे पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता एकमेकांना छेदतात. महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज, बजाज यांचे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य लहानमोठे उद्योग, सगळ्यांचा माल या दोन रस्त्यांवर. त्यात कामगारांच्या बस, दुचाक्या, शाळेची मुलं. ऑगस्टमध्ये उपमुख्यमंत्री अजित पवार भल्या पहाटे इथे पाहणी करून गेले. कोंडी अजून आहे तशीच आहे. तळेगावचा जनरल मोटर्सचा बंद पडलेला कारखाना हुंडाईने घेतलाय, त्याबाबतचा करार ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. तिथून गाड्या निघू लागल्या की त्यांचे ट्रेलरही याच भागात फिरणार. कारखाने यावेत, रोजगार वाढावा, हे मनापासून वाटतं. पण त्याआधी रस्ता रुंद व्हायला हवा होता.

सकाळी १०

यार्डात भरणी सुरू आहे. नवीन मुलाला शिकवायला मी स्वतः उभा राहतो.

आधी अंगावरचं काढायचं. पट्ट्याचं बक्कल, घड्याळ, अंगठी, कडं. रंगाला एक ओरखडा आला तरी ती गाडी डीलर नवी म्हणून घेत नाही. मग गाडीभोवती एक फेरी, चेसिस नंबर कागदाशी ताडून पाहायचा, असलेला डाग भरणीआधीच लिहून घ्यायचा. आधी वरचा डेक भरायचा. आरसे मिटून गाडी रॅम्पवरून पहिल्या गिअरमध्ये चढवायची. क्लचवर पाय थरथरला की गाडी मागे येते. जागेवर नेली की हँडब्रेक, आणि मग खरी कसरत. ट्रेलरची भिंत आणि गाडीचं दार यांत जेमतेम वीतभर फट. दाराची कड एका हाताने झाकून, अंग चोरून बाहेर यायचं. शेवटी चाकांच्या पुढेमागे अडण्या, आणि प्रत्येक चाकावरून पट्टा टाकून रॅचेटने आवळायचा. पट्टा चाकावर असावा, बॉडीला त्याचा स्पर्शही होता कामा नये.

“दादा, एवढं आवळून टायर खराब नाही होणार?”

“खंबाटकीत एकदा गचका बसला की कळेल कशासाठी आवळायचं ते. आणि शंभर किलोमीटर झाले की थांबून परत हात लावून बघायचं.”

या ट्रेलरची लांबी कायद्याने १८.७५ मीटरपर्यंत. छोट्या गाड्या आठ बसायच्या तिथे आजच्या मोठ्या एसयूव्ही पाच-सहाच मावतात. भाडं गाडीमागे ठरतं. डिझेल, टोल, ड्रायव्हरचा पगार मात्र ट्रेलरला लागतो. लोकांना मोठ्या गाड्या आवडू लागल्या आणि आमची खेप हलकी झाली.

दुपारी १२.३०

डबा खाता खाता मुनीमजींबरोबर हिशोब. चाकण ते हैदराबाद पावणेसहाशे किलोमीटरच्या आसपास. भरलेला ट्रेलर लिटरला चार किलोमीटर देतो. डिझेल नव्वद रुपयांच्या घरात, म्हणजे एका बाजूचं डिझेलच १३,००० रुपये. वर धुरासाठी लागणारं युरियाचं द्रावण, टोल, भत्ता. आणि परतीचं काय? साधा ट्रक येताना कांदा भरेल, सिमेंट भरेल. या ट्रेलरमध्ये गाडीखेरीज काही चढत नाही. हैदराबादला मोकळा झाला की पेनुकोंड्याला कियाच्या कारखान्याकडे किंवा पार श्रीपेरुंबुदूरला जाऊन इकडचा माल शोधायचा. नाही मिळाला तर रिकामं यायचं.

मुनीमजी रेल्वेचा विषय काढतात. मारुतीने २०१३ साली रेल्वेने गाड्या नेण्याचा परवाना घेतला. मार्च २०२४ मध्ये गुजरातेतल्या हंसलपूरच्या कारखान्यात थेट रेल्वेमार्ग गेला, जून २०२५ मध्ये मानेसरला. २०३०-३१पर्यंत ३५ टक्के गाड्या रेल्वेने पाठवायचं त्यांनी ठरवलंय. एका रेकमध्ये अडीचशेच्या वर गाड्या जातात. आपल्या चिंचवडच्या मालधक्क्यावरूनही गाड्यांचे रेक सुटतात. मला यात रेल्वेचा राग येत नाही. लांबचा माल रुळांवरून गेला तर डिझेल वाचतं, घाटातले अपघात टळतात. मात्र रेक जिथे रिकामा होतो तिथून डीलरपर्यंत ट्रेलरच लागतो. लांब पल्ल्याचं भाडं रेल्वेकडे जाणार आणि शहराच्या तोंडाशी ताटकळण्याचं काम आमच्याकडे उरणार. म्हणूनच ताटकळण्याचे पैसे कोण देणार, हा प्रश्न आत्ताच सुटायला हवा.

दुपारी २.३०

मोहोळहून फोन, अजून बंद. आता मालासोबत लागणाऱ्या ई-वे बिलाची काळजी. त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे हैदराबादला तीन दिवस मिळतात. बिलं तेरवा दुपारी निघाली, तेव्हापासून मुदत धावू लागली. पण ट्रेलर ती रात्र गेटच्या रांगेत काढून परवा संध्याकाळी सुटला. मुदत आज मध्यरात्री संपते. संपण्याआधी आठ तास किंवा नंतर आठ तास, एवढ्यातच ती वाढवता येते. प्रत्येक गाडीचं बिल वेगळं, त्यामुळे प्रत्येकाची मुदत वेगळी वाढवायची. चार वाजता पोर्टल उघडून कारणाच्या रकान्यात ‘नैसर्गिक आपत्ती’ निवडायची, असं ऑफिसातल्या मुलीला सांगून ठेवतो. रांगेतली ती एक रात्र वाचली असती तर ट्रेलर पुराआधीच सीना ओलांडून गेला असता.

संध्याकाळी ५

कोल्हापूरहून फोन. पहाटे पोचलेला ट्रेलर आत्ता रिकामा होतोय. गाड्या तपासून घेणारा माणूस दुपारनंतर आला. गेटवर ना स्वच्छतागृह, ना पाण्याचा नळ. ड्रायव्हरने दिवस ट्रेलरच्या सावलीत काढला. एका गाडीच्या बंपरवर डाग आहे म्हणून पावतीवर शेरा मारलाय, ते पैसे आमच्या बिलातून कापले जातील. डाग आमच्या हातून पडला असेल तर कापावेत, त्याला माझी ना नाही. पण आमच्या अख्ख्या दिवसाची नुकसानी कोणत्याच पावतीवर लिहिली जात नाही. करारात पोचायला उशीर झाला तर दंड आहे. पोचल्यावर उभं ठेवलं तर हॉल्टिंगचा रकाना आहे, पण तो भरून पाठवला की बिलच अडकतं. आणि बिल दोन-तीन महिन्यांनी मिळतं, डिझेलचे पैसे त्याच दिवशी द्यावे लागतात.

संध्याकाळी ७

मोहोळचा रस्ता एका बाजूने सुटला. नाना निघायच्या तयारीत.

“नाना, रात्री पाण्यातून काढू नका. उजाडल्यावर निघा.”

“हैदराबादवाले ओरडतील.”

“त्यांच्याशी मी बोलतो. तुम्ही झोपा.”

रात्री ९.३०

सकाळी भरलेला ट्रेलर कागदपत्रं होऊन आत्ता गेटबाहेर आला. तो बेंगळुरूला जायचाय. पाठवणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणतो, आजच सोडा, रात्रीत कोल्हापूर पार होईल. ड्रायव्हर सकाळी सातपासून रांगेत आहे. ट्रेलर रस्त्याला लागला नसला तरी तो झोपलेला नाही. दर अर्ध्या तासाला ट्रेलर दोन हात पुढे घ्यायचा असतो, डोळा लागला तर नंबर जातो.

मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला. त्यात दिवसाला आठ तास काम, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरली. नव्या ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा करण्याचा निर्णयही चांगलाच आहे. पण रांगेतले तास कामाचे धरायचे की विश्रांतीचे? कंपनी त्यांना काम मानत नाही आणि शरीराला ती विश्रांती मिळत नाही. या फटीतच रात्रीचे अपघात होतात. अपघात झाला की बातमीत ‘चालकाला डुलकी लागली’ एवढंच येतं. तो किती तास जागा होता, ते कोणी विचारत नाही. तरुण मुलं या कामाला यायला तयार नाहीत, याचं कारण मला तरी पगारापेक्षा यातच दिसतं.

मी ट्रेलर सोडत नाही. पहाटे पाचला निघेल, असं मेलवर लिहून देतो. पुढच्या वेळी ऑर्डर दुसऱ्याला जाईल, हे ठाऊक आहे. झोप न झालेल्या माणसाच्या हाती ट्रेलर द्यायचा नाही, हा नियम वडिलांनी घातला आणि मी तो मोडणार नाही.

रात्री ११

आमचं मागणं मोठं नाही. ट्रेलर गेटवर आला की त्याची वेळ कारखान्याने आणि डीलरने कागदावर लिहावी. ठरलेल्या तासांपेक्षा जास्त थांबवलं तर हॉल्टिंग आपोआप बिलात यावं, मागावं लागू नये. गेटवर स्वच्छतागृह, पाणी आणि पाठ टेकायला जागा असावी. आणि दसऱ्याला गाडी घेणाऱ्या तुम्हा सगळ्यांना एक विनंती. डीलर म्हणाला, “गाडी वाटेत आहे, एक दिवस उशीर होईल,” तर त्याला घाई करू नका. पूजा दुसऱ्या दिवशीही करता येते. तुमची गाडी आणणारा माणूस रात्री झोपून निघू द्या.