पाटी तीच, चूल वेगळी : एका मेटल बँडचा हिशोब



'हंगामी धंदा वर्षभर कसा जगवायचा' या व्हिडिओत मी मुंबईच्या एका मेटल बँडचं उदाहरण दोन मिनिटांत उरकलं होतं. ते इथे निवांत सांगतो. कळस, इंदापूर, बारामती भागात मंडप, साउंड, बँजो पार्टी, केटरिंग, रसवंती असा हंगामावर चालणारा धंदा करणाऱ्यांनी हे जरूर वाचा. तुमच्यापुढचा प्रश्न त्या बँडपुढेही होता. गिऱ्हाईक थोडं, खर्च बारमाही. मग धंदा बंद करायचा, की पाटीखाली मिळेल ते विकायला लागायचं?

आधी माल समजून घ्या

मेटल म्हणजे कर्कश इलेक्ट्रिक गिटार आणि दोन्ही पायांनी वाजणारा ड्रम. त्याच्या अनेक पोटजाती आहेत. पॉवर मेटलमध्ये वेग असतो, उंच पट्टीतला गळा असतो, सगळ्यांनी मिळून ओरडावं असं धृपद असतं, आणि विषय युद्धाचे, वीरांचे, दंतकथांचे. विषयाच्या बाबतीत आपल्या पोवाड्याचा लांबचा भाऊच म्हणा. याचं मूळ घर जर्मनी. हॅम्बुर्गचा हॅलोवीन हा बँड १९८४ मध्ये सुरू झाला आणि आजही वाजतोय.

आपला बँड आहे मुंबईचा डेमोनिक रेझरेक्शन. २००० साली साहिल माखिजा या तरुणाने तो काढला. गाणारा तोच, गिटार वाजवणाराही तोच. हा बँड शुद्ध पॉवर मेटल नाही. त्याची गायकी जास्त खरखरीत, डेथ आणि ब्लॅक मेटलच्या वळणाची आहे. पण कीबोर्डचा भव्य थाट आणि पुराणकथांची ओढ तीच.

आता विचार करा. २००० साली भारतात हा माल विकायचा! सिनेमात याला जागा नाही, लग्नात नाही, गणपतीत तर नाहीच.

बाजार नव्हता, म्हणून आधी बाजार उभा केला

साहिलने फक्त गाणी केली नाहीत. त्याने स्वतःचा रेकॉर्डिंग स्टुडिओ उभारला आणि तिथे दुसऱ्या बँडची गाणीही रेकॉर्ड केली. डेमोनस्टीलर रेकॉर्ड्स ही स्वतःची कंपनी काढली. रेझरेक्शन नावाचा संगीत महोत्सव भरवला आणि त्यात इतर बँडनाही मंच दिला.

तुम्ही म्हणाल, स्पर्धकाला का मदत करायची? कारण बाजारात एकच दुकान असेल तर गिऱ्हाईक वाट वाकडी करत नाही. दहा दुकानं एका ओळीत लागली की ते आठवडे बाजारासारखं गोळा होतं. हे आपल्याला नवीन नाही, फक्त धंद्यात उतरल्यावर आपण विसरतो.

२००० मध्ये पहिला अल्बम आला, २००५ मध्ये दुसरा. तिसरा, 'द रिटर्न टू डार्कनेस', आला २०१० मध्ये. म्हणजे दहा वर्षांत मोठे अल्बम तीन. त्याच २०१० मध्ये ब्रिटनच्या 'मेटल हॅमर' मासिकाच्या गोल्डन गॉड्स सोहळ्यात या बँडला ग्लोबल मेटल पुरस्कार मिळाला. नॉर्वेच्या इन्फर्नो महोत्सवातही तो त्याच वर्षी वाजला. दहा वर्षं! आपण नवीन दुकान टाकून दुसऱ्या दिवाळीला हिशोब मांडतो आणि तिसऱ्या दिवाळीला शटर ओढतो.

पाटीवर भेसळ नाही

हा माझा सगळ्यात आवडता मुद्दा.

साहिलला बाकीचंही संगीत करायचं होतं. विनोदी गाणी करावीशी वाटली, तर त्यासाठी वर्कशॉप नावाचा वेगळा बँड काढला. जुन्या वळणाचं कडक डेथ मेटल करायचं होतं, त्याला रेप्टिलियन डेथ हे नाव दिलं. एकट्याचं काम डेमोनस्टीलर या नावाने केलं. माल वेगळा, तर पाटीही वेगळी. त्यामुळे डेमोनिक रेझरेक्शन या नावाखाली काय मिळणार, हे गिऱ्हाइकाला कायम पक्कं ठाऊक राहिलं.

याच्या उलट काय होतं, ते हॅलोवीनने भोगलंय. १९८७ आणि १९८८ च्या 'कीपर' नावाच्या दोन अल्बमांनी हा बँड शिखरावर गेला. मग १९९३ मध्ये त्याच पाटीखाली 'कमेलियन' हा अल्बम आला. त्यात पॉवर मेटल बाजूला ठेवून भलतेच प्रकार होते. हक्काचं गिऱ्हाईक रुसलं. घरातही भांडणं पेटली. त्याच वर्षी गायक मिखाएल किस्केला काढलं गेलं. १९९४ मध्ये नवा गायक आंडी डेरिस आला, बँड आपल्या मूळ मालाकडे वळला, तेव्हा गाडी रुळावर आली.

घर कशावर चाललं?

पाटी शुद्ध ठेवायची म्हणजे पोट दुसरीकडून भरावं लागतं. साहिलला स्वयंपाकाची आवड. त्याने यूट्यूबवर 'हेडबँगर्स किचन' सुरू केलं. सुरुवातीला मेटलवाल्यांशी गप्पा आणि सोबत खाणं, असा मामला होता. पुढे तो कीटो आहाराच्या, म्हणजे कमी कार्बोहायड्रेटच्या पाककृती दाखवू लागला. ते चॅनेल जगभर गेलं आणि तोच त्याचा पूर्णवेळ व्यवसाय झाला.

या दुसऱ्या चुलीमुळे एक मोठी गोष्ट साधली. संगीताकडे पोटाची मागणी उरली नाही. २०१७ मध्ये बँडने 'दशावतार' हा अल्बम काढला. विष्णूचे दहा अवतार, मत्स्यापासून कल्कीपर्यंत, प्रत्येकावर एक गाणं. ज्याला उद्याच्या हप्त्याची काळजी आहे, तो माणूस असलं धाडस करत नाही.

मात्र एक सावधानता. दुसरी चूल पहिलीचा सगळा वेळही खाऊ शकते. म्हणून पहिल्या धंद्याचे दिवस आणि पैसा आधीच बाजूला काढून ठेवा. उरेल त्यात दुसरा धंदा.

माणसं येतात-जातात

या बँडमध्ये सुरुवातीपासून आजवर टिकलेला माणूस एकच, साहिल. बाकी वादक बदलत गेले. तुमच्याकडेही कारागीर उचल घेऊन जातो, चांगला आचारी दुसऱ्याकडे जातो. धंदा एखाद्याच्या हातावर अवलंबून असेल तर तो त्याच्याबरोबर जाईल. काम लिहून ठेवा, दुसऱ्याला शिकवून ठेवा.

आणि गेलेल्याशी वैर धरू नका. हॅलोवीनचा संस्थापक काय हान्सेन १९८० च्या दशकाअखेरीस बाहेर पडला आणि त्याने गामा रे हा स्वतःचा बँड काढला. पण २०१७ मध्ये हान्सेन आणि काढलेला किस्के दोघेही परत आले. त्यांच्यासाठी डेरिसला घालवलं नाही! सगळे मिळून सात जण मंचावर उभे राहिले आणि जग फिरले. २०२१ मध्ये त्यांचा एकत्र अल्बम जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेला. वाटण्या झालेल्या भावांनी हे दोनदा वाचावं.

आता तुमचा हिशोब

समजा, कळसमध्ये तुमची बँजो पार्टी आहे. लग्नसराईत सुपाऱ्या भरपूर, मधे यात्रा-जत्रा. चातुर्मासात लग्नं थांबतात, गणपती-नवरात्र तेवढं हाताला लागतं. बाकी दिवस गाडी, वाद्यं आणि वादकांची उचल अंगावर. अशा वेळी लोक दोन चुका करतात. एक तर वाद्यं मोडीत काढतात, नाहीतर पडेल दरात, कसंही वाजवून नाव घालवतात. तिसरा रस्ता म्हणजे गाडी मोकळ्या दिवसांत भाड्याने लावा, पण वेगळ्या नावाने. पार्टीचं नाव फक्त चांगल्या वादनासाठी राखा.

वही काढा आणि आज तीन ओळी लिहा :

१. माझ्या पाटीवर गिऱ्हाईक नक्की कशासाठी येतं? एकाच वाक्यात.

२. गेल्या वर्षी त्या पाटीखाली मी दुसरं काय-काय खपवलं? त्यातलं काय वेगळ्या नावाने करता येईल?

३. माझे रिकामे महिने कोणते, आणि माझ्याकडे असलेल्या कौशल्यातून किंवा सामानातून त्या महिन्यांत घरखर्च निघेल असं एक काम कोणतं?

तिसऱ्या ओळीसाठी नवीन कर्ज काढावं लागत असेल, तर ते उत्तर खोडा आणि पुन्हा विचार करा. साहिलच्या दुसऱ्या चुलीची सुरुवात त्याला आधीपासून येत असलेल्या स्वयंपाकातून झाली. तुमच्याही घरात अशी एक चूल असेल. ती शोधा आणि मगच पहिल्या धंद्याचं काय करायचं ते ठरवा.