‘विकत घेणे’ आणि ‘परवान्यावर घेणे’ : संगणकीय खेळांच्या दुकानांतील मालकीचा प्रश्न

मोल देऊन वस्तू घेतली म्हणजे ती घेणाऱ्याची झाली, ही समजूत व्यवहारात इतकी दृढ आहे की तिचा उच्चारही सहसा कोणी करीत नाही. कोल्हापुरात गुजरीत पाटल्या घेणारी स्त्री ‘ह्या पुढे सुनेला देता येतील काय?’ असे सराफाला विचारीत नाही. संगणकावर खेळावयाच्या खेळांच्या, म्हणजे बोलीत ज्यांना ‘गेम’ म्हणतात त्यांच्या, बाबतीत मात्र हाच प्रश्न दुकानदाराला विचारणे अवश्य झाले आहे. त्याचे उत्तर दुकानागणिक निराळे मिळते, आणि ग्राहकाला ते बहुधा ठाऊक नसते.

हे खेळ पूर्वी तबकडीवर मिळत. आज ते बहुतांशी महाजालावरील दुकानांतून उतरवून घेतले जातात. ‘स्टीम’ हे दुकान २००३ मध्ये सुरू झाले, ‘गॉग’ २००८ मध्ये आणि ‘एपिक गेम्स स्टोअर’ २०१८ मध्ये. स्टीमवर २०१५ पासून किंमत रुपयांत दिसू लागली आणि भारतीय ग्राहकाला ते दुकान अधिक जवळचे झाले. एकच खेळ दोन-तीन दुकानांत मिळत असला, तर ग्राहक सामान्यतः सवलत पाहून दुकान निवडतो. परंतु किमतीतील फरकाहून महत्त्वाचा फरक हक्कातील आहे. तो कसा ओळखावा, ह्याचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रारंभ शब्दापासून करणे सोयीचे होईल. मराठीत ‘घेणे’ हे क्रियापद हक्काविषयी काहीच सांगत नाही. उसने घेणे, मागून घेणे, भाड्याने घेणे, खंडाने घेणे, गहाण घेणे, विकत घेणे ह्या सर्व प्रयोगांत वस्तू हाती येते. ती कोणत्या नात्याने आली, हे मात्र ‘घेणे’च्या आधीचा शब्द सांगतो. त्यातही ‘विकत घेणे’ हा प्रयोग विशेष लक्षणीय आहे. ‘विकत’ हे ‘विकणे’ ह्या क्रियापदाचे रूप होय. म्हणजे घेणाऱ्याच्या क्रियेतच देणाऱ्याची विक्री गृहीत धरलेली आहे. कोणी विकलेच नसेल, तर ते विकत घेता येत नाही. हा नियम मराठीत शब्दाच्या घडणीतच अंतर्भूत आहे. कायद्याचे म्हणणेही ह्याहून वेगळे नाही. १९३० च्या मालविक्री अधिनियमानुसार किमतीच्या मोबदल्यात मालाची मालकी विक्रेत्याकडून खरेदीदाराकडे जाणे, ही विक्री होय.

आता दुकानांकडे पाहावे. तेथील कळीवर ‘बाय’ हे इंग्रजी क्रियापद असते आणि मराठी ग्राहक त्याचा अर्थ ‘विकत घेणे’ असाच करतो. परंतु ज्या करारनाम्यास तो न वाचता संमती देतो, त्यात वेगळेच लिहिलेले असते. स्टीमच्या करारनाम्याप्रमाणे खेळ विकला जात नाही, त्याच्या वापराचा परवाना दिला जातो. कळीवरचा शब्द आणि करारातला शब्द ह्यांमधील ही विसंगती कॅलिफोर्निया राज्याने कायद्याचा विषय केली. २०२४ मध्ये संमत होऊन १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेल्या तेथील अधिनियमाप्रमाणे, ग्राहकास केवळ परवाना मिळत आहे हे स्पष्ट केल्यावाचून दुकानदाराला ‘बाय’ किंवा तत्सम शब्द वापरता येत नाही. त्याचा परिणाम म्हणून पैसे भरण्यापूर्वी तशी सूचना स्टीमवर दिसू लागली. ह्या अधिनियमातील एक अपवाद मार्मिक आहे. जी वस्तू ग्राहक कायमची उतरवून घेऊ शकतो आणि पुढे दुकानदार जिचा वापर रोखू शकत नाही, तिला ही अट लागू नाही. म्हणजे तेथील विधिमंडळाच्या दृष्टीने ‘विकत घेणे’ ह्या शब्दाचा कस कागदावर नसून ताब्यात आहे.

परवाना म्हणजे काय, हे कोल्हापूरकरास समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. राजारामपुरीत अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारावर खोली घेणाऱ्या विद्यार्थ्याला ती खोली आपली नव्हे, हे पक्के ठाऊक असते. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमात परवान्याची व्याख्या आहे. दुसऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर, एरवी बेकायदा ठरेल अशी गोष्ट करण्याची मुभा म्हणजे परवाना. त्याने मालमत्तेत हितसंबंध निर्माण होत नाही, आणि काही अपवाद सोडले तर देणारा तो काढून घेऊ शकतो. ही व्याख्या स्थावरापुरती असली, तरी परवान्याचे मर्म तीत नेमके आले आहे. तथापि कागदावर ‘परवाना’ लिहिल्याने व्यवहार परवान्याचाच ठरतो असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात, भाडेपट्टा की परवाना हे ठरविताना दस्तऐवजाच्या रूपापेक्षा त्याचा गाभा पाहावा, असे सांगितले.

परवानाधारकाची ही स्थिती मराठी मुलखाला नवी नाही. पेशवाईअखेरच्या गावगाड्यात जमीन कसणाऱ्यांचे मिरासदार आणि उपरी असे दोन वर्ग होते. मिरास हा अरबीतून आलेला, वारसा ह्या अर्थाचा शब्द. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेने चाले व विकता येई. सारा भरीत असेतो ती त्याच्याकडून काढली जात नसे. ह्या हक्काची नोंद माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावरील आपल्या अहवालात केली आहे. उपऱ्याला असा कायम हक्क नव्हता. पेरणीच्या दिवसांत दोघांची शेते सारखीच दिसत. फरक कळे तो उपऱ्याला जमीन सोडावी लागे तेव्हा. संगणकीय खेळांचा आजचा ग्राहक स्वतःला मिरासदार समजून मोल देतो आणि बहुतेक दुकानांत उपरी म्हणून राहतो. खेळ चालू असेपर्यंत हा फरक त्याच्या ध्यानात येत नाही.

खेळ बंद पडण्याची उदाहरणे आता दुर्मीळ नाहीत. युबिसॉफ्ट ह्या कंपनीचा ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तो एकट्याने खेळावयाचा असला तरी कंपनीच्या सर्व्हरशी सतत जोडणी असणे आवश्यक होते. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने सर्व्हर बंद केले आणि पूर्ण किंमत दिलेल्यांनाही तो खेळ खेळता येईनासा झाला. तबकडी जवळ असणाऱ्यांची गतही तीच झाली. ह्यातून युरोपात एक चळवळ उभी राहिली. विक्री थांबल्यावरही खेळ चालू शकेल अशी व्यवस्था प्रकाशकाने ठेवावी, ह्या मागणीवर २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. पुस्तकांच्या क्षेत्रात असा प्रकार त्याआधीच घडला होता. २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या पुस्तकांच्या काही प्रती वाचकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या आणि पैसे परत केले. त्या प्रती विकणाऱ्याकडे प्रकाशनाचा हक्क नव्हता, हे कारण खरे होते. पण कागदी पुस्तकाच्या बाबतीत कोणताही विक्रेता वाचकाच्या कपाटापर्यंत पोहोचू शकला नसता.

भारतीय कायद्याची भूमिका ह्या बाबतीत एकसुरी नाही. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या खटल्यात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, तबकडीसारख्या माध्यमावर विकली जाणारी तयार संगणकप्रणाली हा विक्रीकराच्या दृष्टीने माल आहे, असे ठरविले. २०२१ मध्ये इंजिनिअरिंग ॲनालिसिसच्या खटल्यात त्याच न्यायालयाने आणखी एक भेद स्पष्ट केला. ग्रंथस्वामित्वाचा हक्क ही एक गोष्ट आणि त्या हक्काखालील कृतीची प्रत ही दुसरी. करारनाम्यात ‘परवाना’ म्हटले असले तरी वापरणाऱ्याला ग्रंथस्वामित्वाचा कोणताच अंश मिळत नाही. त्याला मिळते ती प्रत, आणि तो व्यवहार मालाच्या विक्रीचा. हा निवाडा आयकराच्या प्रश्नावरील आहे आणि खेळ पुन्हा विकता येईल काय, हा प्रश्न त्यात नव्हता. उलटपक्षी २०१७ च्या एकात्मिक वस्तू व सेवा कर अधिनियमात महाजालावरून पुरविलेली पुस्तके, चित्रपट, संगणकप्रणाली व खेळ ह्यांची गणना सेवेत केली आहे. एकच कृती तबकडीवर आली तर माल आणि तारेतून आली तर सेवा, अशी ही अवस्था आहे.

युरोपातही हीच द्विधा दिसते. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१२ मध्ये यूज्डसॉफ्टच्या खटल्यात, एकरकमी किंमत घेऊन अमर्याद मुदतीने उतरवून दिलेली संगणकप्रणाली ही विक्रीच होय व घेणारा ती पुढे विकू शकतो, असे ठरविले. त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये ई-पुस्तकांना तो नियम लागू केला नाही. स्टीमवरील खेळ पुन्हा विकू द्यावेत, असा निर्णय पॅरिसच्या न्यायालयाने २०१९ मध्ये दिला होता. तो २०२२ मध्ये अपिलात फिरला. संगणकीय खेळ ही केवळ प्रणाली नसून त्यात चित्र, संगीत व कथा ह्यांचाही संयोग असतो, हे ह्या वादाचे मूळ आहे.

कायद्याचा निर्णय असा लांबणीवर असताना ग्राहकाने निवड कशाच्या आधारे करावी? त्यासाठी चार प्रश्न पुरेसे आहेत. पहिला, खेळाची पूर्ण प्रत आपल्या ताब्यात येते काय? दुसरा, ती प्रत दुकानाची किंवा कंपनीची परवानगी प्रत्येक वेळी न घेता चालते काय? तिसरा, ती उसनी देता, दान करता, विकता वा वारसाला देता येते काय? चौथा, आपले खाते बंद झाले तर घेतलेल्या वस्तूंचे काय होते?

ह्या कसोट्यांवर दुकानांचा क्रम बराचसा स्पष्ट होतो. गॉग हे दुकान खेळाची स्वतंत्र स्थापनप्रत देते. तिच्यावर तांत्रिक कुलूप नसल्याने ती निराळ्या हार्ड डिस्कवर साठवता येते व एकट्याने खेळावयाचा खेळ दुकानाच्या मदतीवाचून पुन्हा चालू होतो. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे येथे होकारार्थी आहेत. मात्र गॉगचा करारही परवान्याचाच असल्याने तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तेथेही समाधानकारक नाही. स्टीम व एपिक येथे कुलूप लावणे न लावणे प्रकाशकाच्या इच्छेवर असते. काही खेळ उतरवून घेतल्यावर दुकानाच्या प्रणालीवाचून चालतात, पुष्कळसे चालत नाहीत. स्टीमचे खाते दुसऱ्याच्या नावे करण्यास करारात मनाई आहे. पूर्ण खेळ असलेली तबकडी अद्यापि तिसऱ्या कसोटीवर सर्वांत सरस ठरते, कारण ती मित्राला देता येते व विकताही येते. परंतु डबीत केवळ सांकेतिक क्रमांक असेल, किंवा खेळ ‘द क्रू’प्रमाणे सर्व्हरला बांधलेला असेल, तर तबकडीचे हे श्रेष्ठत्व नाममात्र राहते.

सर्वच खेळांत मालकीचा आग्रह धरावा असेही नाही. अनेकांनी एकाच वेळी खेळावयाचा सामना मुळातच सेवेवर अवलंबून असतो. तेथे परवाना हाच प्रामाणिक शब्द होय. एकदा खेळून सोडून द्यावयाचा खेळ मोठ्या सवलतीत परवान्यावर घेण्यातही गैर काही नाही. मात्र किंमत परवान्याची असावी. मालकीचे मोल देऊन परवाना घेणे, हा तोट्याचा व्यवहार होय.

ज्याच्याकडे प्रत आहे, त्याला भारतीय कायदा थोडे संरक्षण देतो. १९५७ च्या ग्रंथस्वामित्व अधिनियमातील कलम ५२ अन्वये संगणकप्रणालीची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्यास नाश किंवा हानी ह्यांपासून बचावासाठी राखीव प्रत करता येते. तथापि २०१२ मध्ये घातलेल्या कलम ६५अ प्रमाणे ग्रंथस्वामित्वाचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक कुलूप फोडणे हा गुन्हा आहे. म्हणून कुलूप नसलेली प्रत आधीच घेणे हाच सरळ मार्ग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कक्षेत माल व सेवा दोन्ही येतात आणि ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे त्याला तक्रार करता येते. त्यामुळे खेळ हा माल की सेवा, हा वाद न सुटताही कोल्हापूरच्या ग्राहकास कोल्हापुरातच दाद मागता येते. त्यासाठी पावती व घेतेवेळी दिसलेला मजकूर जपून ठेवावा.

ह्या प्रश्नाचे महत्त्व खेळणाऱ्यांपुरते मर्यादित नाही. कोल्हापुरातील करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० मधील. असे ग्रंथालय पिढ्यानुपिढ्या पुस्तके देऊ शकते, कारण घेतलेली प्रत ग्रंथालयाची होते. प्रकाशक राहो वा न राहो, प्रत कपाटात राहते. ज्या कृतींच्या प्रती कोणाच्याच मालकीच्या नाहीत, त्यांचे ग्रंथालय उभे राहू शकत नाही. संगणकीय खेळ ही आज चित्र, संगीत व कथन ह्यांची एक मोठी निर्मिती आहे. ती सर्वस्वी परवान्यावर राहिली, तर तिचे आयुष्य कंपनीच्या हिशेबवहीइतकेच ठरेल.

यास्तव प्रथम शब्द नीट वापरावा. जेथे वस्तू काढून घेता येते तेथे ‘परवान्यावर घेतले’ म्हणावे आणि ‘विकत घेतले’ हा प्रयोग हाती राहणाऱ्या प्रतीसाठी राखावा. भाषेने हा भेद शतकानुशतके सांभाळला आहे. ग्राहकाने तो पैसे भरण्यापूर्वी आठवला, तर कोणते दुकान निवडावे हे त्याला सवलतीच्या आकड्यापेक्षा अधिक खात्रीने ठरविता येईल.